बेसबॉलच्या बातमीला पैसे कोण देतं, आणि पेवॉल कुठे घालायची

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका शहराच्या बेसबॉल संघावर रोज लिहिणारी छोटी वेबसाइट आहे. जाहिरातींवर भागत नाही, म्हणून वाचकांकडून पैसे घ्यायचे आहेत. वाचक मॅनेजरवर आणि मालकावर तावातावाने भांडतात, पण पैसे मागितले की पळतील अशी भीती वाटते. पेवॉल (पैसे भरल्याशिवाय लेख न उघडणारी भिंत) कुठे घालायची, किती लेख फुकट ठेवायचे, किंमत काय लावायची, आणि संघ हरायला लागला की काय होतं?

आधी एक घोळ मिटवू. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बाकावर) बसून पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा, कुणाला कितव्या क्रमांकावर पाठवायचं हे ठरवणारा माणूस. क्रिकेटमध्ये कर्णधार मैदानावर जे करतो त्यातलं बरंचसं काम तिथे तो करतो. खेळाडूंची देवाणघेवाण, करार, पगाराचा हिशेब हे जनरल मॅनेजरचं किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचं खातं. तिसरा मालक, ज्याच्या खिशावर सगळे डोळा ठेवून असतात. चाहत्यांचं भांडण या तिघांभोवती फिरतं आणि तुमची कमाईही तिथूनच येणार आहे.

स्कोअर कुणी विकत घेत नाही, तो लीगच्या ॲपवर चेंडूगणिक फुकट मिळतो. मतही कुणी विकत घेत नाही, कारण मत प्रत्येकाकडे आधीच असतं, आणि आपलंच खरं असंही प्रत्येकाला वाटतं. पैसे मिळतात ते भांडणाला लागणाऱ्या दारूगोळ्याचे: आतली माहिती, हिशेब, नियम, कोण कधी काय म्हणालं. न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २००५ मध्ये नेमकी उलटी चूक केली. 'टाइम्स सिलेक्ट' नावाने त्यांनी आपले स्तंभलेखक पेवॉलमागे नेले, वर्षाला ४९.९५ डॉलर लावले आणि बातम्या फुकट ठेवल्या. पैसे भरणारे मिळाले, पण स्तंभ चर्चेतून हद्दपार झाले आणि गुगलवरून येणाऱ्या वाचकाला कुलूप दिसू लागलं. सप्टेंबर २००७ मध्ये ती योजना गुंडाळली.

हा फरक एका रात्रीवर बघू. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा (अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना, टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेजचा पिचर ब्लेक स्नेल सहाव्या इनिंगमध्ये एक बाद होईपर्यंत ७३ चेंडू टाकून होता, ९ स्ट्राइकआउट (बॅटर थेट पिचरकडून बाद), फक्त २ हिट (बॅटर फटका मारून बेसवर पोहोचला), संघ १-० ने पुढे. दुसरी हिट पडताच मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढून निक अँडरसनला आणलं. डॉजर्सच्या मूकी बेट्सने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, पाठोपाठ वाइल्ड पिचवर (पिचरच्या भरकटलेल्या चेंडूवर) बरोबरी झाली, मग आघाडीही गेली. डॉजर्स ३-१ ने जिंकले आणि अजिंक्यपदही घेऊन गेले.

आता त्या रात्रीचे तुमचे लेख वाटून बघा. सामन्याचा वृत्तांत फुकट. 'कॅशने घोडचूक केली' हा चारशे शब्दांचा संतापही फुकट, कारण तो ट्विटरवर आधीच हजारांनी लिहिलेला असतो. तिसरा लेख मात्र पेवॉलमागे जायला हवा. त्यात हे असतं: बॅटर त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा येतो तेव्हा सरासरीने जास्त चांगलं खेळतो, म्हणून रेजचा संघ पिचर लवकर बदलण्यावर चालत होता. पण त्या रात्री डॉजर्सचे पहिले तीन बॅटर स्नेलसमोर मिळून सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. आणि अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा पोस्टसीझन (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) सामन्यांत धाव दिली होती. कॅशच्या बाजूने बोलणाऱ्याला पहिला मुद्दा लागतो, विरुद्ध बोलणाऱ्याला उरलेले दोन. दोघेही तुमचेच गिऱ्हाईक. म्हणूनच अशा लेखात निकाल लावून टाकू नका. दोन्ही बाजूंना हत्यार मिळालं की दोन्ही बाजूंचे वर्गणीदार टिकतात.

अशीच दुसरी खाण म्हणजे पैशाचे नियम. फेब्रुवारी २०२० मध्ये बोस्टन रेड सॉक्सने मूकी बेट्सला डॉजर्सकडे पाठवलं. २०१८ चा अमेरिकन लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), त्याच वर्षीचं जेतेपद, आणि असा खेळाडू द्यायचा? चाहते मालकाला कंजूष म्हणाले. समजावून सांगण्याची गोष्ट ही होती: २०२० साठी संघाच्या एकूण पगाराची करमर्यादा २० कोटी ८० लाख डॉलर होती. मर्यादा पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के कर, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. रेड सॉक्स २०१८ आणि २०१९ मध्ये वरच होते. एक वर्ष खाली आले की मोजणी परत २० टक्क्यांपासून सुरू. हे गणित वाचून कुणाचा राग कमी होत नाही. राग नीट मांडता येतो, आणि त्यासाठीच लोक कार्ड काढतात.

आतल्या बातमीची ताकद २०११ मध्ये बोस्टनमध्येच दिसली होती. त्या सप्टेंबरमध्ये बोस्टन ग्लोबने पैसे भरून वाचायची वेगळी वेबसाइट काढली, आठवड्याला ३.९९ डॉलर, आणि जुनी बोस्टन डॉट कॉम फुकटच ठेवली. त्याच महिन्यात रेड सॉक्स २७ पैकी २० सामने हरले. वाइल्ड कार्डची (गट न जिंकताही मिळणाऱ्या पोस्टसीझनच्या जागेची) नऊ सामन्यांची आघाडी धुऊन निघाली, मॅनेजर टेरी फ्रँकोना गेला, पाठोपाठ जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन शिकागो कब्जकडे गेला. ऑक्टोबरमध्ये ग्लोबने आतली हकिकत छापली: सामना चालू असताना काही पिचर क्लबहाउसमध्ये बिअर, तळलेलं चिकन आणि व्हिडिओ गेममध्ये रमलेले असत. 'चिकन आणि बिअर' हे दोन शब्द दिवसभरात फुकट जगभर झाले. झाले तर झाले, ती तुमची जाहिरात आहे. कोण, कधी, आणि मॅनेजरला कितपत ठाऊक होतं, एवढं मात्र मूळ बातमीतच असतं. २०१३ मध्ये हेच वर्तमानपत्र रेड सॉक्सचे प्रमुख मालक जॉन हेन्री यांनी ७ कोटी डॉलरला घेतलं. संघाचा आणि वर्तमानपत्राचा मालक एकच, अशी स्थिती असेल तर संघाच्या कारभारावरच्या प्रत्येक लेखात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. पैसे देणारा वाचक फुकट्यापेक्षा जास्त संशयी असतो.

आता पेवॉलची बांधणी. प्रकार तीनच आहेत: सगळंच बंद, महिन्याला ठरावीक लेख फुकट, किंवा काही लेख कायम फुकट आणि काही कायम बंद. लंडनच्या टाइम्सने २०१० मध्ये पहिला प्रकार निवडला, दिवसाला १ पौंड किंवा आठवड्याला २ पौंड. छोट्या साइटला तो परवडत नाही, तुमचं नावच कुणाच्या कानावर जाणार नाही. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये दुसरा घेतला: महिन्याला २० लेख फुकट, सोशल मीडिया आणि ब्लॉगवरच्या लिंकवरून आलेल्याला मर्यादेनंतरही आत सोडायचं. वर्षभराने २० चे १० केले. एका संघाच्या साइटला माझ्या मते तिसरा प्रकारच बरा. मोजणी वाचकाला सामन्याचा वृत्तांत आणि बेट्सवरचा लेख सारख्याच किमतीला देते. तुम्हाला तर कुठला लेख माल आहे आणि कुठला नमुना, हे नक्की माहीत आहे. दिवसाच्या पाच लेखांपैकी एक किंवा दोन बंद, बाकी उघडे, इथून सुरुवात करा.

मोजणीच ठेवायची असेल तर आकडा हवेतून काढू नका. गेल्या ३० दिवसांत किती जणांनी १ लेख वाचला, किती जणांनी २, किती जणांनी ३, असा तक्ता मांडा. जवळजवळ नेहमीच बहुसंख्य लोक एकच लेख वाचून गेलेले दिसतात. समजा १ लाख वाचकांपैकी ६ लेखांपुढे जाणारे ३,००० च निघाले, तर १० ची मर्यादा म्हणजे शोभेची भिंत. मर्यादा अशी हवी की नियमित येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती महिन्यातून एकदा तरी दिसेल.

आता जिथे हमखास बिघडतं ते. पहिलं, पूर्ण लेख ब्राउझरला पाठवायचा आणि वरून पडदा टाकायचा. जावास्क्रिप्ट बंद केलं किंवा ब्राउझरचा रीडर मोड लावला की पडदा गायब. सर्व्हरनेच वर्गणी तपासावी आणि वर्गणी नसेल तर पहिले दोन परिच्छेदच पाठवावेत. दुसरं, मोजणी कुकीवर (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीवर) ठेवायची. सफारी ब्राउझर २०१९ पासून जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी ७ दिवसांत पुसतो. म्हणजे आठवड्यातून एकदाच डोकावणाऱ्या आयफोनवाल्यासाठी तुमचा 'महिना' सात दिवसांचा. इन्कॉग्निटो (माग न ठेवणारा मोड) तर आहेच, आणि क्रोमच्या ७६ व्या आवृत्तीपासून तो ओळखण्याची जुनी क्लृप्ती चालत नाही. इलाज एकच: दुसऱ्या किंवा तिसऱ्या लेखाला ईमेल देऊन फुकट लॉगिन मागा आणि मोजणी खात्यावर करा. आकड्यात थोडे वाचक कमी होतील. पण हाती आलेला ईमेल पुढे वर्गणी मागायला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तिसरं, गुगल. त्याच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) पूर्ण लेख आणि माणसाला दोन परिच्छेद दाखवले तर ती फसवणूक धरली जाते, जर तुम्ही स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (पानाच्या कोडमधल्या गुगलसाठीच्या माहितीत) 'हा भाग फुकट नाही' अशी खूण घातली नसेल तर. खूण आणि पानावरच्या बंद भागाचं सिलेक्टर (कोडमध्ये तो भाग दाखवणारं नाव) जुळतंय ना, हे टेम्पलेट बदललं की दर वेळी तपासा. रीडिझाइननंतर क्लासचं नाव बदलतं आणि खूण हवेत लटकते, हा नेहमीचा अपघात. शिवाय बॉटचं नाव कुणीही धारण करू शकतो, म्हणून आयपी पत्त्याची उलट डीएनएस तपासणी (तो पत्ता खरंच गुगलचा आहे का हे बघणं) करूनच दार उघडा.

चौथं, आणीबाणी. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा ग्लोबने पेवॉल उतरवली होती. असं करायला एक बटण हवं. रात्री दोन वाजता प्रोग्रामरला उठवून कोड बदलायची वेळ येऊ नये.

किंमत. उलट्या बाजूने मोजा. एका बातमीदाराचा पगार, ८१ बाहेरगावच्या सामन्यांचे विमान आणि हॉटेल, संपादनाचा वाटा मिळून समजा वर्षाला १,५०,००० डॉलर. सगळी कपात जाऊन एका वर्गणीदाराकडून महिन्याला ७ डॉलर हातात पडत असतील, तर वर्षाचे ८४, म्हणजे सुमारे १,७८६ वर्गणीदार हवेत. हे झालं उभं राहण्यापुरतं. महिन्याची गळती (वर्गणी सोडणारे) ५ टक्के असेल तर तिथेच टिकून राहायला दर महिन्याला ९० नवे लोक लागतात, ३ टक्के असेल तर ५४. आज आलेल्या १०० पैकी वर्षाने ५ टक्के गळतीत ५४ उरतात, ३ टक्क्यांत ६९, ८ टक्क्यांत जेमतेम ३७. छोट्या साइटवर बहुतेक लोक भिंतीची उंची मापण्यात महिने घालवतात आणि भांड्याच्या बुडाचं भोक कुणी बघत नाही.

'पहिले सहा महिने १ डॉलर' ही ऑफर सगळे देतात म्हणून देऊ नका. कार्डाने पैसे घेण्याच्या शुल्काचा नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. १ डॉलरमधले ३३ सेंट तिथेच जातात. महिन्याला ६ डॉलर घेतले तर वर्षात साधारण ५.७० डॉलर कापले जातात, तेच ७२ डॉलर एकदम घेतले तर २.४० च्या आसपास. शिवाय १ वरून ८ वर उडी मारली की त्याच दिवशी रांग लागते, बाहेर जाणाऱ्यांची. चढ हवाच असेल तर दोन टप्प्यांत करा आणि दोन आठवडे आधी ईमेलने नवा आकडा स्पष्ट सांगा. काही वर्तमानपत्रं 'दर चार आठवड्यांनी' पैसे घेतात. न्यूयॉर्क टाइम्सची २०११ ची १५ डॉलरची योजना अशीच होती, वर्षात बाराऐवजी तेरा वेळा, म्हणजे १९५ डॉलर. कायद्यात बसतं, पण ज्याच्या लक्षात येतं तो चिडतो.

ॲपमधून वर्गणी विकली तर ॲपल पहिल्या वर्षी ३० टक्के घेतं, पुढे १५. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्यांच्या योजनेत सुरुवातीपासून १५. कमिशनपेक्षा मोठा तोटा असा की गिऱ्हाईक ॲपलचं राहतं. कार्ड नाकारलं गेलं तरी तुम्ही त्याला गाठू शकत नाही. वेबवरच विका आणि ॲप फक्त वाचायला ठेवा.

आता संघ हरला तर? बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. संघ बाहेर पडला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गण्या रद्द होतात. पण गंमत अशी की हरणारा संघ भांडणाला जिंकणाऱ्यापेक्षा जास्त खाद्य पुरवतो, फक्त ते हंगामानंतरही पुरवत राहावं लागतं. नोव्हेंबरमध्ये फ्री एजंट (करार संपलेले खेळाडू), डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्ज (संघांच्या वार्षिक बैठका), जानेवारीत हॉल ऑफ फेमचा निकाल, फेब्रुवारीच्या मध्यात पिचर आणि कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारे) सरावाला हजर. बातमीदाराला ऑक्टोबरमध्ये सुट्टीवर पाठवून पैसे वाचवणारी साइट वर्गणीदारांनाही सुट्टीवर पाठवते.

वार्षिक वर्गणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विका. रिन्यूअलची तारीखही मग दर वर्षी तिथेच पडते, सगळे संघ ०-० वर असतात आणि चाहत्याला यंदा काहीतरी होईल असं वाटत असतं. ऑक्टोबरच्या जल्लोषात विकलेली वर्गणी पुढच्या ऑक्टोबरमध्ये रिन्यूअलला येते, आणि तेव्हा तुमचा संघ बहुधा घरी बसलेला असतो. दुसरा मोका जुलैअखेरचा, ट्रेड डेडलाइनचा (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अंतिम मुदतीचा). तेव्हा महिन्याची वर्गणी जास्त विकली जाते, त्यातले टिकवायचे असतील तर तीन आठवड्यांत वार्षिकचा प्रस्ताव पाठवा.

स्वतःहून रद्द करणाऱ्यांइतकंच लक्ष कार्ड अडकल्यामुळे गळणाऱ्यांवर हवं. नकार दोन जातींचे: शिल्लक कमी असल्यासारखा तात्पुरता, आणि कार्ड हरवलं किंवा बंद केलं असा कायमचा. पहिल्यात १, ३, ७ आणि १४ व्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा, तोवर वाचन चालू ठेवा. दुसऱ्यात पुन्हा प्रयत्न करून बँकेच्या नजरेत खराब होऊ नका, सरळ ईमेल पाठवा. तारीख संपलेली कार्डं आपोआप नवी करून देणारी व्हिसा आणि मास्टरकार्डची सेवा बहुतेक पेमेंट गेटवेवर (कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या सेवेवर) असते, ती चालू आहे ना बघा. रद्द करायला फोन लावायला लावू नका. कॅलिफोर्नियात जुलै २०१८ पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइन रद्द करता आलीच पाहिजे असा कायदा आहे, आणि तुमचे काही वाचक तिथले असणारच.

पेवॉलमागचा लेख वादात उतरावा यासाठी प्रत्येक वर्गणीदाराला महिन्याला पाच-दहा भेट-लिंक द्या. मित्राला गप्प करायचं असतं तेव्हा माणूस लिंक पाठवतो, आणि तुमचा विक्रेता तोच. लिंकमध्ये टोकन (फक्त त्या लिंकपुरता गुप्त संकेत) असावं, १४ दिवसांत संपावं, आणि त्या पानाचा कॅनॉनिकल पत्ता (गुगलला सांगितलेला मुख्य पत्ता) मूळ लेखाचा असावा, नाहीतर फुकट प्रत गुगलमध्ये जाऊन बसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये द ॲथलेटिक या वर्गणीवर चालणाऱ्या साइटने ह्यूस्टन ॲस्ट्रोस २०१७ मध्ये कॅचरने पिचरला केलेले इशारे चोरत आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवत, ही बातमी फोडली. पुढचं काम चाहत्यांनी केलं: कुणी जुने व्हिडिओ शोधून डब्याचा आवाज ऐकवला, तर ॲस्ट्रोसच्याच एका चाहत्याने ५८ सामन्यांचे ८,२०० हून अधिक चेंडू ऐकून १,१४३ ठोके मोजले आणि तक्ता फुकट खुला केला. जानेवारी २०२० मध्ये मॅनेजर आणि जनरल मॅनेजर दोघांचीही नोकरी गेली. बातमी वर्गणीवरची, पण तिच्यावरचा वाद असा उघड्यावर झाला. द ॲथलेटिक २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ५५ कोटी डॉलरला घेतलं, आणि त्यानंतरचा पहिला तिमाही नफा दिसायला २०२४ चा उत्तरार्ध उजाडला. घाई असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शेवटी, तुमचे काही वाचक पुण्या-मुंबईत बसून भारतीय कार्डाने पैसे भरत असतील. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आपोआप कापणीसाठी ई-मँडेट (ग्राहकाची आगाऊ ऑनलाइन परवानगी) नोंदवावा लागतो आणि किमान २४ तास आधी सूचना जावी लागते. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण मँडेटच नसेल तर रिन्यूअल अडकतं. अमेरिकन गेटवेवर ही सोय असेलच असं नाही. या वाचकांना महिन्याची वर्गणी दाखवूच नका. वार्षिक रक्कम एकदाच घ्या, आणि संपायच्या दहा दिवस आधी पैसे भरायची लिंक ईमेलने पाठवा.